टाकी न लागलेली जागा

एकवीस वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राला आनंदा ओव्हाळने उत्तर दिलं नव्हतं.

पत्र पुण्याहून आलं होतं. पांढरा लिफाफा, वर निळ्या शाईतलं बारीक, सरळ अक्षर. आनंदा तेव्हा हायस्कुलात शिपाई होता, म्हणून पोस्टमनने ते शाळेतच आणून दिलं. शिपायाला लिफाफा आलाय म्हटल्यावर हेडमास्तरांनी तो उजेडात धरून बघितला आणि मग दिला. पुस्तकांच्या कपाटाआड उभं राहून आनंदाने पत्र एकदाच वाचलं. चित्रांवर टाकी कुणी चालवली, असं काहीसं त्यात होतं. तेवढंच त्याच्या डोळ्यांत भरलं, पुढचं सगळं वाचून न वाचल्यासारखं झालं. घरी येऊन त्याने ते जाड शब्दकोशात सरकवलं. आनंदाला वाचायचा नाद. पण त्या दिवसापासून एखादा शब्द अडला की तो शब्दकोश काढायचा नाही, मास्तरांना विचारायचा.

टाकी त्यानेच चालवली होती.

त्याचा बाप नथू जात्यांना आणि पाट्यांना टाकी लावत गावोगाव फिरायचा. पाटा वापरून गुळगुळीत झाला की मिरची वाटली जात नाही, नुसती सरकते. मग छिन्नीसारख्या टोकदार टाकीने बारीक बारीक ठोके मारून तो पुन्हा खरखरीत करायचा. आनंदा दहाव्या वर्षापासून बापामागे हिंडला. पुढे गिरण्या आल्या, मिक्सर आले, कामं आटली. आनंदा शाळेत लागला आणि टाकी-हातोडी पोत्यात गेली.

गावाच्या वरच्या अंगाला, भाताची खाचरं संपतात तिथे एक लांबरुंद कातळ आहे. जागा सरकारी पड. ओव्हाळांचं खळं आजोबा-पणजोबांपासून त्या कातळावरच. त्याच्या खालच्या बाजूला दगडात काढलेली चित्रं होती. वशिंडाचा एक बैल, हात वर केलेली सात माणसं, आणि वाटीएवढ्या खळग्यांची एक ओळ. कुणी काढली हे कुणाला ठाऊक नव्हतं, विचारायची कुणाला गरजही पडली नव्हती. दोन हजार तीनच्या मार्गशीर्षात जनार्दन उकिडवे नावाचे प्राध्यापक आले आणि त्या बैलापुढे मांडी घालून बसले ते दुपार कलेपर्यंत उठले नाहीत. ज्यांना लोखंड ठाऊक नव्हतं अशा माणसांनी ही काढलीत, दगडाने दगडावर ठोकून, असं ते म्हणाले. आनंदाला ते ‘अहो ओव्हाळ’ म्हणाले. त्याच्या घरचा चहा बशीत ओतून प्याले. जाताना म्हणाले, “रेघा फार पुसट झाल्यात हो. फोटोत येतील की नाही शंका आहे. आठवड्याने दोघा पाहुण्यांना घेऊन येतो.”

ते गेले आणि आनंदाने पोतं सोडलं. दोन दिवस उन्हात बसून त्याने चित्रांना टाकी लावली. झिजलेल्या पाट्याला लावतात तशीच, रेघेला रेघ धरून. पाहुण्यांना नीट दिसावं, सरांचा मान राहावा, एवढंच त्याच्या मनात होतं.

आठवड्याने उकिडवे आले आणि बैलापुढे उभेच राहिले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. पाहुण्यांशी इंग्रजीत काहीतरी हळू बोलले. आनंदाने चहाचं विचारलं तर “आज नको” म्हणाले. वीस दिवसांनी पत्र आलं.

*

यंदा भातं कापून झाली आणि कातळावर भारे यायला लागले. आनंदा एकाहत्तरीचा, गोजराबाई पासष्टीची. पोरगा रवी मारुंजीला खोली घेऊन राहायचा, कंपनीची गाडी चालवायचा. तेव्हा भारे वाहायला ही दोघंच. गोजराबाई पुढे, आनंदा मागे. चढाला तो थांबायचा आणि ती न वळताच ओरडायची, “बसू नका, बसलं की उठायला दोन मान्सं लागत्यात तुमाला.”

कातळापलीकडचं रान बहिरू शेडग्याचं. ते त्याने प्लॉटिंगवाल्याला दिलं होतं आणि रस्ता कातळावरून जायचा होता. कातळ फोडायचं मशीन बांधाला येऊन उभं होतं.

गुरुवारी सकाळी एक पोरगी पौडहून चालत आली. पाठीला पिशवी, गळ्यात कॅमेरा. चित्रांभोवती दोन तास वाकून फिरली. बहिरू बांधावर तंबाखू मळत बघत होता. शेवटी ती भारा उतरवणाऱ्या आनंदाजवळ आली.

“आजोबा, आनंदा ओव्हाळ तुम्हीच ना? मी किमया. उकिडवे सरांकडे शिकले मी.”

आनंदाच्या हातातला दोर तसाच राहिला.

“ताई,” बहिरू बांधावरून म्हणाला, “कशापायी उन्हात करपताय? ही चित्रं हजारो वर्सांची न्हाईत. आमच्या आनंदाची हायेत. इचारा त्याला. बैलाला टाकी लावली हुती ह्यानं! पाटा म्हणून वाटायला घेतला का काय कुणाला ठावं!”

मशीनवाल्याचा मदतनीसही हसला, त्याला मराठी कळत नव्हती तरी. आनंदा दोराच्या गाठीकडे बघत राहिला. किमयाने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

“सरांनी तेव्हा ह्या जागेपुढे ‘संशयास्पद’ असं लिहून ठेवलं. त्यामुळे कुणी इकडे फिरकलं नाही. आता मी पुरातत्त्व खात्याच्या ऑफिसात गेले, तर तेच पान दाखवतात. सरांनी ती नोंद दुरुस्त केली तर खात्याचा माणूस येऊन जागा बघेल, तोवर काम थांबेल. पण सर ऐकत नाहीत. म्हणतात, मी त्या माणसाला पत्र लिहून विचारलंय, त्याचं उत्तर आल्याशिवाय मी एक अक्षर बदलणार नाही.”

“अजून?” गोजराबाईने विचारलं.

“अजून. एक्याऐंशी वर्षांचे आहेत. ऐकू येत नाही, फोन घेत नाहीत. पत्रं मात्र वाचतात. आजोबा, तुम्ही लिहाल?”

आनंदा वाकून दोर गुंडाळू लागला.

“इचार करून सांगतील,” गोजराबाई म्हणाली. “च्या पिऊ का नको ह्याचाबी इचार करत्यात ते.”

किमयाने आपल्या वहीतलं पान फाडून पत्ता दिला आणि ती उतरणीला लागली. बहिरू खाली पिंक टाकून म्हणाला, “लिव्ह की रं आनंदा. लिव्ह, की चित्रं माझी हायेत. नाव हुईल तुझं.”

“आण्णा,” एवढंच आनंदा म्हणाला आणि पुढचा भारा आणायला उतरला.

*

संध्याकाळी चुलीपुढे गोजराबाईने भाकरी थापता थापता विषय काढला.

“का गप ऱ्हायला तुमी?”

“काय बोलू?”

“केलं ते सांगायचं. चोरी केली हुती का? चांगलं म्हनून केलं.”

“चांगलं म्हणून केलं अन् नासलं.”

“मग नासलं म्हनून सांगा. त्येला काय मुहूर्त लागतो?”

आनंदा उठला. कपाटातला शब्दकोश काढला. पत्र मधल्या पानांत होतं, त्याच्या चौकोनी कडा कागदावर पिवळ्या उमटल्या होत्या. दिव्याखाली धरून त्याने ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग चष्मा कपाळावर चढवून तसाच बसला.

“काय लिवलंय?”

त्याने मोठ्याने वाचलं. “‘मधल्या आठवड्यात त्या आकृतींवर कुणीतरी टाकी चालवली आहे असे दिसते. कुणी चालवली हे मला जाणून घ्यायचे नाही, त्याबद्दल माझा रागही नाही. मला एवढेच हवे आहे की टाकी कुठे कुठे चालली आणि कुठे चालली नाही. हे आपल्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही. कृपया कळवावे.’”

गोजराबाईचा हात परातीत थांबला.

“म्हंजी त्यो मानूस रागावलाच नव्हता.”

“न्हाई.”

“अन् तुमी एकवीस वर्सं...” तिने वाक्य सोडून दिलं आणि भाकरी तव्यावर टाकली. आनंदाने पत्राची घडी घातली.

“कुठं चालली न्हाई म्हंजी कुठं, आता कसं सांगू?” आनंदा म्हणाला. “मी लई नेटकं काम केलं हुतं. बैल सगळा घेतला. मान्सं पाच घेतली, दोन ऱ्हायली कडंची. दोन मान्सं अन् थोडं खळगं, त्यावर काय ठरतंय? ते म्हणतील तीबी ह्यानंच काढली.”

“खळ्याखाली हाय की.”

“काय हाय?”

गोजराबाईने भाकरी पालथी केली. “वरच्या अंगाला जुनं खळं न्हाई का? सासूबाई हुत्या तवर तितंच झोडायचो आपुन. दगडात खाचा लई, दाना अडकायचा, म्हनून झोडायच्या आधी दरसाल माती-शेनानं लिंपून घ्यायचो. मी नवी नवरी असताना तुमच्या आजीनं, धोंडाबाईनं, मला हाताला धरून दावलं हुतं. म्हनायची, आधी शिंगं बुजव, मग पाठ, मग पाय. मला वाटायचं म्हातारी चेष्टा करतीया. पर हाताला लागायचं. शिंगच हुतं ते. वाकडं.”

“मला कधी बोलली न्हाईस.”

“लिंपायला कधी आला हुता तुमी?”

*

शुक्रवारी सकाळी मशीनचा ड्रायव्हर इंजिन चालू करून कातळाकडे वळला, तेव्हा वाटेत भाताची उडवी रचलेली होती. गोजराबाईने पहाटे उठून वरचे भारे खाली आणि खालचे मध्ये असे मांडले होते की अख्खा कातळ अडला होता. मध्ये झोडायची फळी, तिच्यावर ती पेंढ्या आपटत होती.

बहिरू धावत आला. “हे काय गं गोजरे?”

“भात झोडतुया. दिसत न्हाई का?”

“आज मशीन लागनार हाय.”

“लागू द्या की. भात निगालं की लागू द्या.”

ड्रायव्हर बिहारकडचा. तो खाली उतरला, कातळाच्या कडेला आला आणि दाणे बघून थबकला. “खलिहान है क्या?” त्याने विचारलं. मग चपला काढल्या. “हमारे यहाँ भी पैर में कुछ पहनकर नहीं जाते।” आणि तो मागे जाऊन मशीनच्या सावलीत बसला.

बहिरूच्या पायांत बूट होते. तो कडेलाच उभा राहिला. खळ्यात दाणा असताना पायताण घालून कुणी पाऊल टाकत नाही, मग चाकं घालायची गोष्टच सोडा. हे त्याला कुणी सांगायला नको होतं, तोही जन्माचा शेतकरीच.

“किती दिस लागतील?” त्याने चिडून विचारलं.

“हात हायेत चार. त्यातलं दोन म्हातारे,” गोजराबाई म्हणाली आणि पुढची पेंढी उचलून इतक्या सावकाश आपटली की दाणा दाणा मोजता आला असता.

वर आनंदाने जुनं खळं उघडायला घेतलं. त्यावर गवत माजलं होतं, मुळं कातळाच्या भेगांत उतरली होती. गवत उपटायला सकाळ गेली. खाली लिंपणाचा थर लागला, वीतभर जाड, दगडासारखा घट्ट. फावडं उचललं आणि त्याने पुन्हा खाली ठेवलं. मग घरी जाऊन घागर आणि बांबूच्या तासलेल्या चिवट्या घेऊन आला.

“फावड्यानं दोन तासांचं काम हाय,” गोजराबाई खालून ओरडली.

“लोखंड लावायचं न्हाई.”

“एकवीस वर्सांनी आली अक्कल!”

पाणी टाकायचं, थर मऊ पडायची वाट बघायची, चिवटीने उचकटायचा, घमेल्यात भरायचा. एकेका थरात वर्षं दिसत होती. काळपट शेण, तांबूस माती, मध्ये चिकटलेलं तूस, कुठे अख्खा दाणा. आनंदाचे गुडघे दुखून यायचे तेव्हा तो कुशीवर आडवा होऊन खरवडायचा. विहिरीवरून पाणी गोजराबाई आणायची आणि दर खेपेला म्हणायची, “लागलं का शिंग?” लागलं नव्हतं. शुक्रवार गेला. शनिवारी दुपारपर्यंत हातभर जागा उघडी झाली आणि त्यात नुसता सपाट कातळ होता.

आनंदा टाचांवर बसला. तोंडावर माती, मिशीत तूस.

“न्हाई काय इथं. तुला भास झाला असंल.”

गोजराबाईने डोक्यावरची घागर उतरवली, पदर खोचला आणि खाली बसून लिंपणावर दोन्ही हात ठेवले. डोळे मिटले. लिंपायला बसते तशी उजवीकडे सरकली, अजून सरकली.

“हितनं सुरू करायची मी. तोंड उगवतीकडं करून. तुमी भलतीकडं खनताय.”

अर्ध्या तासात शिंग लागलं.

*

रविवारी रवी आला तेव्हा बैल पायांपर्यंत उघडा झाला होता. रवीने मोबाईल काढून एक फोटो घेतला, मग बापाकडे बघितलं.

“आबा, आईनं फोनवर सांगितलं. तुम्ही पत्र लिहिणार म्हणे.”

“व्हय.”

“काय लिहिणार? की खालचं मी बिघडवलं? सही करून?” रवी खाली बसला. “आबा, पुराण्या वस्तूला हात लावला तर केस होते. मी बघितलंय नेटवर. तुमच्यावर केस झाली तर माझं काय? कंपनीत दरसाल पोलिसांचा दाखला लागतो. ड्रायव्हरचा बाप कोर्टात म्हटल्यावर कोण ठेवतंय?”

आनंदाने नारळाच्या शेंडीने कातळ पुसला. रवी म्हणतो ते खरं असेल, खोटं असेल, त्याला ठाऊक नव्हतं. रात्री हेच त्याच्याही डोक्यात आलं होतं.

“नाव घालू नका मग,” रवी म्हणाला. “नुसतं लिहा. गावातला एक माणूस म्हणून.”

“त्यांनी मला नाव घालून इचारलंय, रवी.”

“मग व्हॉट्सॲपवर त्या मॅडमला सांगा. तोंडी.”

“तोंडी मला जमत न्हाई. जमलं असतं तर त्या दिवशीच सांगितलं असतं, त्यांनी चष्मा पुसला तवा.” आनंदा एवढं बोलून थांबला. एका दमात तो इतकं कधी बोलल्याचं रवीला आठवत नव्हतं. “केस झाली तर मी हाय. तू मारुंजीला राहतोस. तुला काय ठाऊकच नव्हतं म्हणून सांग.”

“असं कोण सांगंल?”

“मग नको सांगू. दोरी धर.”

“कसली दोरी?”

“मापं घ्यायचीत. त्या टोकाला जा.”

रवीने कपाळाला हात लावला. मग बूट काढून कडेला ठेवले आणि दोरीचं टोक धरून कातळाच्या त्या अंगाला गेला. दुपारभर तो धरत होता, आनंदा मापं वहीत लिहीत होता. मध्ये गोजराबाईने भाकरी आणि सुकटाची चटणी दिली. रवीने ती कातळाच्या कडेला एकट्याने बसून खाल्ली. चार वाजता तो गाडीला किक मारून गेला, पण जायच्या आधी बैलाच्या पायांवरचा थर त्यानेच उचकटून दिला. आनंदाने न सांगता त्याने बांबूचीच चिवटी घेतली होती.

*

तो गेल्यावर आनंदा उघड्या चित्रावर ओणवा झाला.

हा बैल खालच्या बैलाच्या दुप्पट होता. त्याच्या मागे दुसरा, लहान, बहुधा वासरू. पोटाखाली खळग्यांची ओळ. आनंदाने डोळे बाजूला ठेवले आणि बोटांनी बघायला सुरुवात केली. बापाने त्याला हेच शिकवलं होतं, पाट्यावरून हात फिरव, डोळा फसवतो. लोखंडी टाकीचा ठोका टोकदार असतो, तळाशी बारीक, त्याची कड धारेची. इथे ठोका रुंद होता, तळ बोथट, कड चुरडलेली. दगडाचाच दगडावर पडलेला. आणि डोळ्यांनी बघितलं तर ठोक्याच्या आतही भोवतीच्या कातळासारखाच काळा-तपकिरी रंग होता, त्याच्या स्वतःच्या ठोक्यांत होता तसा फिका नव्हे.

त्याचं बोट शिंगावरून मानेवर आलं, मानेवरून वशिंडावर. वशिंडापाशी ठोके एकदम बारीक झाले. इथे ठोकणाऱ्याने दगड बदलला होता. जुन्याचं टोक गेलं असणार, नवा घेतला. पाठीवर ठोके दाट, मग विरळ, मग पुन्हा दाट. हात भरून आला, बसला, पुन्हा लागला. आनंदाला ते आपल्या मनगटात कळलं. सगळे ठोके डावीकडून आलेले. माणूस डावखुरा असेल, नाहीतर सावली चुकवून पलीकडे तोंड करून बसला असेल.

पायांपाशी येऊन त्याचं बोट अडखळलं. त्याने मोजले. पुन्हा मोजले.

“अगं,” त्याने हाक मारली. “इकडं ये.”

गोजराबाई सूप घेऊनच आली.

“पाय मोज.”

“एक, दोन, तीन, चार... हे काय? पाच?”

“हा पुढचा आधी काढला. मग त्याला वाटलं जागा चुकली. मग हा दुसरा काढला शेजारी. पहिला खोडता येईना, तसाच ठिवला.” आनंदा हसायला लागला. आवाज न करता, खांदे हलवत. हसता हसता त्याने डोळे पुसले आणि चेहऱ्यावर मातीचा पट्टा ओढला गेला. “त्यालाबी खोडता आलं न्हाई बघ.”

“येडं झालं हे,” गोजराबाई म्हणाली, पण उठली नाही. तिने पदराचा कोपरा भिजवून त्या पाचव्या पायातली माती पुसून काढली.

*

रविवारी दिवे लागल्यावर आणि सोमवारी पहाटे आनंदाने पत्र लिहिलं. आधीचे पाच कागद फाटले. एकात त्याने एवढी माफी मागितली होती की मुद्दा यायच्या आधीच पान संपलं. गोजराबाईने तो कागद वाचायला लावला आणि म्हणाली, “ह्यात बैल कुटं हाय?” सहाव्यात माफी एका ओळीत बसली.

शेवटी पत्र असं झालं:

‘आदरणीय उकिडवे सरांस, आनंदा नथू ओव्हाळ याचा सप्रेम जय भीम.

आपले पत्र मला वेळेवर मिळाले होते. उत्तर दिले नाही, ही माझी चूक आहे. खालच्या बाजूच्या चित्रांवर टाकी मी चालवली. मी जात्या-पाट्यांना टाकी लावणारा माणूस, ती चित्रे झिजली म्हणून लावली. आपण विचारले आहे ते पुढे कळवतो.

टाकी लागली ती जागा : खालचा बैल पूर्ण. उगवतीकडून पहिली पाच माणसे. खळग्यांपैकी पहिले नऊ, कडेने फक्त.

टाकी लागली नाही ती जागा : शेवटची दोन माणसे. दहाव्या खळग्यापासून पुढचे सर्व. आणि वरच्या बाजूला जुन्या खळ्याच्या लिंपणाखाली एक मोठा बैल, वासरू व तेरा खळगे. हे माझी बायको गोजराबाई हिला ठाऊक होते, मला नव्हते. हे लिंपण माझ्या आजीच्या आधीपासूनचे आहे. ते आम्ही या आठवड्यात पाणी व बांबू वापरून काढले, लोखंड लावले नाही. अर्धे लिंपण तसेच ठेवले आहे, आपल्या माणसांना थर बघता यावेत म्हणून.

माझे ठोके व जुने ठोके यांतला फरक मी बोटाने सांगू शकतो. कुणी आले तर डोळे बांधून सांगेन. मोठ्या बैलाला पाच पाय आहेत. नकाशा सोबत जोडला आहे, माझे ते लाल, जुने ते निळे.

रस्त्याचे काम आमच्या भातामुळे थांबले आहे. भात फार दिवस पुरणार नाही.’

खाली त्याने सही केली. मग कंसात पूर्ण नाव लिहिलं, गाव, तालुका, पिनकोड.

सकाळी तो नकाशा पुन्हा पडताळायला कातळावर गेला, तर बहिरू तिथे होता. बूट कडेला काढलेले. वरच्या बैलापुढे कमरेवर हात ठेवून उभा.

“हे तुजं न्हाई?”

“न्हाई आण्णा. ह्याला माझा हात लागला न्हाई.”

बहिरू गोल फिरला. वाकून बघितलं. त्याचे ओठ हलत होते, तो मोजत होता.

“पाच पाय हायेत रं.”

“व्हय.”

“मग तुजं न्हाईच. तुज्याकडनं असली चूक व्हायची न्हाई.” त्याने पाचव्या पायावरून बोट फिरवलं. मग त्याचा आवाज नेहमीसारखा झाला. “पर आनंदा, रस्ता अडला तर ते लोक माज्या मानगुटीवर बसतील. त्याचं काय?”

“खालनं वढ्याच्या कडेनं जागा हाय. वळसा पडंल थोडा.”

“वळसा पडंल म्हनं.” बहिरूने बूट हातात घेतले. “उद्या सांजपतोर थांबतो. तवर भात उचला. परवा खळ्यात दाना नसला, तर मशीन लागंल, मग मला इचारू नगंस.”

“उचलतो,” आनंदा म्हणाला.

उडवीत फक्त अकरा भारे उरले होते. कितीही सावकाश झोडले तरी उद्याच्या सांजेपलीकडे पुरणार नव्हते.

*

साडेदहाच्या एसटीने आनंदा पौडला उतरला. पोस्टात पाच-सहा माणसं होती, पेन्शनवाली, आधारवाली. तो रांगेच्या शेवटी उभा राहिला. दोघं मध्ये घुसले, त्याने घुसू दिलं. तिसरा घुसायला लागला तेव्हा तो म्हणाला, “मागं या.” त्या माणसाने वळून बघितलं आणि तो मागे गेला.

खिडकीतल्या पोरीने लिफाफा हातात घेऊन वजन करायच्या काट्यावर ठेवला. “स्पीड पोस्ट?”

“जे लवकर जाईल ते.”

“पाठवणाऱ्याचं नाव नाही घातलं, आजोबा.”

“आत घातलंय.”

“बाहेरपण लागतं.”

तिने दोरीला बांधलेलं पेन पुढे केलं. आनंदाने लिफाफ्याच्या डाव्या कोपऱ्यात नाव लिहिलं. अक्षर जरा मोठं आलं, गावाचं नाव पत्त्यावर जवळजवळ चढलं. त्याने लिफाफा परत दिला. तिने यंत्रातून निघालेला कागद त्यावर चिकटवला, शिक्का मारला आणि मागच्या पोत्यात टाकला.

“कधी पोचंल?”

“पुण्यातच आहे ना? उद्या.”

“उद्या?”

“उद्या दुपारपर्यंत. पुढचे कोण?”

आनंदा खिडकीपासून बाजूला झाला. पोतं अजून उघडं होतं. लिफाफा वरच होता, त्याचं नाव वर करून. एका माणसाने येऊन पोत्याचं तोंड आवळलं, दोरी बांधली आणि ते खांद्यावर मारून मागच्या दाराने बाहेर उभ्या लाल गाडीत नेऊन टाकलं. गाडी चांदणी चौकाच्या रस्त्याला लागेपर्यंत आनंदा पायरीवर उभा होता. मग तो परतीच्या एसटीकडे निघाला. अकरा भारे झोडायचे होते.